स्टिअरिंग वाकडं, गाडी सरळ

सकाळी ६.३०
पुण्यातला बाजीराव रस्ता जागा व्हायच्या आत गाडीची चाचणी उरकायची. शनिवार पेठेत राहून सरळ, सपाट, मोकळा रस्ता हवा तर नदीपात्रातला, तोही याच वेळी. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की तोही बंद. सपाटच का? पाणी वाहून जावं म्हणून एरवी रस्त्याला कडेकडे उतार असतो आणि त्यावर धडधाकट गाडीही जराशी डावीकडे जाते. तो गाडीचा दोष नव्हे.

सकाळी ९.००
पहिली गाडी. काकांच्या हातात कागद.
"कालच अलाइनमेंट केलंय हो. सगळे आकडे हिरवे आहेत. मग स्टिअरिंग उजवीकडे वाकडं का?"
"काका, गाडी ओढते का कुठल्या बाजूला?"
"नाही, सरळ जाते."
या एका उत्तराने निम्मं काम झालं. गाडी ओढते ही तक्रार वेगळी, गाडी सरळ पण स्टिअरिंग वाकडं ही वेगळी.

सकाळी ९.३०
मशीनला हात लावण्याआधी टायर गार असतानाच चारही चाकांची हवा बघितली. मग गाडी उचलून चाकं हलवली, चाकं वळवणाऱ्या टाय रॉडचे जॉइंट आणि लोअर आर्मचे बूश तपासले. कुठे ढिलाई असेल तर आज सरळ केलेलं चार दिवसांत पुन्हा वाकडं होतं.

सकाळी १०.१५
इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं आणि बरोबर अर्ध्यावर आणलं. ते सरळ उभं राहिलं, म्हणजे ते जागच्या जागी बसलेलं आहे. मग खाली वाकलो. डाव्या टाय रॉडचे आटे बरेच बाहेर, उजव्याचे जेमतेम. सगळं ॲडजस्टमेंट एकाच बाजूने केलेलं. दोन्ही चाकांच्या टोची, म्हणजे आत-बाहेर वळलेल्या कोनांची, बेरीज जुळली, म्हणून आकडा हिरवा. पण मधली जागा सरकली.

"स्टिअरिंगच काढून एक दात सरकवून बसवा की!" काका म्हणाले.
ते मी करत नाही. स्टिअरिंग सरळ दिसेल, पण खाली टाय रॉड ढकलणाऱ्या रॅकचा मध्य चुकलेलाच राहील. डावीकडे गाडी जेवढी वळते तेवढी उजवीकडे वळणार नाही. शिवाय तिथे एअरबॅगची वायर असते आणि कित्येक गाड्यांत स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सरही.

स्टिअरिंग मधोमध बांधलं. चेकनट सैल केले. रॅकच्या रबरी बुटाची क्लिपही सोडली, नाहीतर रॉडबरोबर रबर पिळवटतं, फाटतं आणि धूळ थेट रॅकमध्ये जाते. मग एक रॉड जितका लांब केला, दुसरा तितकाच आखूड. बेरीज तीच राहिली, स्टिअरिंग मध्यावर आलं.

दुपारी १२.३०
दुसरी गाडी, तक्रार तीच. इथे दोन्ही टाय रॉड सारखे. मागे दोरी ताणली आणि रिमच्या पुढच्या-मागच्या कडेपासून अंतर मोजलं. मागची दोन्ही चाकं एकाच बाजूला बघत होती. मागची चाकं जिकडे बघतात तिकडेच पुढची वळवून धरली तर गाडी सरळ जाते, म्हणून स्टिअरिंग वाकडं. फक्त पुढच्या चाकांचं अलाइनमेंट केलं तर हे कधीच दिसत नाही. विचारल्यावर कळलं, मागचं चाक दुभाजकाला धडकलं होतं. या गाडीत मागची चाकं जोडणाऱ्या बीमला ॲडजस्टमेंट नाही. बीमचे बूश ठीक असतील तर बीम बदलणं आलं. खर्चाचं आहे, पण खरं तेच सांगायचं.

दुपारी ४.००
ही गाडी मात्र खरोखर ओढते. पुढचे टायर डावे-उजवे बदलले. ओढ बाजू बदलून आली. दोष टायरचा, टाय रॉडला हात लावायचं कारण नाही.

संध्याकाळी ७.३०
आता चौकाचौकांत गर्दी आहे. काकांची गाडी आजच देता आली असती, पण रस्त्यावर सरळ चालवून बघितल्याशिवाय मी किल्ली देत नाही. उद्या सकाळी काकांनाच चालवायला बसवीन. कुठेही अलाइनमेंट करा, कागद घेऊन लगेच घरी जाऊ नका. मेकॅनिकला शेजारी बसवून एक सरळ फेरी मारा. तो हक्क तुमचा आहे आणि ती फेरी मारणं आमच्या कामातच मोडतं.