दारातली झोळी

गिरगावकरांना ऑपेरा हाउस म्हणजे बसचा थांबा. मलाही बरीच वर्षं तेवढंच ठाऊक होतं. मग पृथ्वी थिएटर्सच्या नटी जोहरा सेहगल यांच्याविषयी वाचत गेलो आणि त्या इमारतीने माझा पिच्छाच पुरवला.

पृथ्वीराज कपूर यांनी १९४४ साली पृथ्वी थिएटर्स काढलं. स्वतःचं नाट्यगृह नव्हतं. मुंबईतलं ठाणं म्हणजे हेच ऑपेरा हाउस. 'दीवार' (१९४५) हे नाटक गाजलं. दोघा भावांच्या घरात परके आसऱ्याला येतात आणि घरातच भिंत उभी राहते. शेवटी ती रंगमंचावर पाडली जाई. दोन वर्षांनी देशात उभी राहिलेली भिंत मात्र कुणाच्याने पाडवली नाही. पुढची 'पठाण', 'गद्दार' ही नाटकं त्याच जखमेतून आलेली. पण माझं मन अडकलं ते 'आहुती'पाशी.

'आहुती' १९४९ चं, लालचंद बिस्मिल यांनी लिहिलेलं. रावळपिंडीची जानकी. लग्न ठरलेलं, आणि दंगलीत तिला पळवून नेतात, तिच्यावर बलात्कार होतो. ती जिवंत परतते. ज्याच्याशी लग्न ठरलं तो मुलगा तयार आहे. त्याचे वडील नाही म्हणतात. जानकी जीव देते. पळवलेल्या बायकांना शोधून परत पाठवण्याचा कायदा दिल्लीत झाला तो याच वर्षी. अशा बाईला सरकार सीमेपर्यंत आणू शकत होतं. उंबरठ्याच्या आत घेणं घरच्यांच्या हाती होतं. 'दीवार'पेक्षा 'आहुती' मला मोठं वाटतं ते यासाठी. इथे दोष परक्यावर ढकलून सुटता येत नाही. तिला मारणारा 'नाही' हा शब्द आपल्याच माणसाच्या, अब्रूदार माणसाच्या तोंडचा आहे.

हे नाटक होत होतं तेव्हा जानकीसारखी माणसं मुंबईच्या आसपासच होती: शीव कोळीवाड्यात पंजाबी निर्वासित राहत होते, कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी. ती छावणी त्याच साली उल्हासनगर झाली.

पडदा पडला की पृथ्वीराज दाराशी येऊन उभे राहत. मान खाली, पुढे पसरलेली झोळी. लोक बाहेर पडता पडता तीत पैसे टाकत. ते पैसे दंगलग्रस्तांना, दुष्काळग्रस्तांना जात. पेशावरकडचा हा धिप्पाड नट कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नसे. माझ्या लेखी ती झोळी नाटकाचाच शेवटचा प्रवेश होती.

जोहरा यांची बहीण उज़रा पृथ्वीची नायिका. साठच्या दशकात ती पाकिस्तानात गेली. पुढे १९९३ साली या दोघी लाहोरात 'एक थी नानी' नाटकात एकत्र उभ्या राहिल्या. फाळणीने दूर केलेल्या दोन बहिणींचंच ते नाटक. ऑपेरा हाउसला कुलूप लागलं तेही १९९३ मध्येच.

२०१६ साली ते पुन्हा उघडलं. 'आहुती' मराठीत यायला हवं, आणि पहिला प्रयोग तिथेच व्हायला हवा. आपल्या नाटकवाल्यांपैकी कुणीतरी हे मनावर घ्यावं.