आईवडील दोन देशांत, मूल कोठे?

बाजारकुणंगसारख्या गावात राहून परदेशातील घटस्फोटांचा विचार आपण कशाला करायचा, असे काही पालकांना वाटेल. पण आपल्या जोयडा तालुक्याच्या सोयरिकी गोव्याशी आणि बेळगावकडे आहेत. गोव्यातून माणसे आखातात जातात, पोर्तुगालच्या पासपोर्टवर युरोपात जातात. शिकलेली मुलेमुली पुणे-बेंगळुरूहून अमेरिका गाठतात. तेथे संसार होतो, मूल होते आणि कधी संसार मोडतोही. मग आई किंवा वडील मुलाला घेऊन गावी येतात आणि जूनमध्ये शाळेत त्याचे नाव घालतात. शाळेला एक नवीन मूल दिसते. त्याच्या मागे दोन देशांची न्यायालये असू शकतात. म्हणून हा विषय आपण थोडक्यात समजून घेऊ.

नवराबायको एकाच देशात असली तर मुलाचा ताबा कोणाकडे, हे तेथील न्यायालय ठरवते. दोघे दोन देशांत गेली की दोन्हीकडे दावे होतात आणि दोन हुकूम निघू शकतात. ताब्याबाबत एका देशाचा हुकूम दुसऱ्या देशात आपोआप चालत नाही.

यावर उपाय म्हणून २५ ऑक्टोबर १९८० रोजी हेग येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. आज शंभराहून अधिक देश त्यात आहेत. त्याचा नियम असा: सोळा वर्षांखालील मूल एका पालकाचा हक्क डावलून दुसऱ्या देशात नेले असेल, तर ते मूळच्या राहत्या देशात लवकर परत पाठवायचे. ताबा कोणाला द्यायचा ते तेथील न्यायालय पाहील. मात्र वर्ष उलटून गेल्यावर अर्ज आला आणि मूल नव्या जागी रुळले असेल, किंवा परत गेल्याने त्याला गंभीर धोका असेल, तर न पाठवण्याची मुभा आहे.

भारत या करारात सामील झालेला नाही. विधी आयोगाने २००९ साली सामील व्हावे अशी शिफारस केली होती, २०१६ साली विधेयकाचा मसुदाही सुचवला. परंतु छळाला कंटाळून मुलासह माहेरी आलेल्या बाईला पुन्हा तेथेच जाणे भाग पडेल, ही शंका अनेकांनी मांडली. तसा कायदा अद्याप झालेला नाही. त्यामुळे आपली न्यायालये १८९०चा पालक व पाल्य कायदा आणि हिंदूंसाठी १९५६चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा यांच्या आधारे, मुलाचे हित कशात आहे ते पाहून निर्णय देतात.

हित म्हणजे नेमके काय, हे महाराष्ट्राशी संबंध असलेल्या दोन खटल्यांवरून कळते.

पहिला ‘एलिझाबेथ दिनशॉ विरुद्ध अरवंद दिनशॉ’. अमेरिकेत मिशिगन राज्यात घटस्फोट झाला आणि मुलाचा ताबा आईला मिळाला. वडिलांना भेटीचा हक्क होता. जानेवारी १९८६ मध्ये वडिलांनी मुलाला शाळेतून परस्पर नेले आणि पुण्याला आणले. आई भारतात आली व तिने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने नोव्हेंबर १९८६ मध्ये मूल आईच्या हवाली केले. मुलाची मुळे अजून येथे रुजलेली नाहीत, त्याला तिकडच्याच जीवनाची सवय आहे, असे न्यायालयाला दिसले. वडिलांनी हुकूम मोडला होता, हेही त्यांच्या विरुद्ध गेले.

दुसरा ‘धनवंती जोशी विरुद्ध माधव उंडे’. १९८३ साली अमेरिकेत जन्मलेले बाळ ३५ दिवसांचे असताना आईने त्याला घेऊन घर सोडले. पुढच्या वर्षी ती भारतात आली. वाद वर्षानुवर्षे चालला. मुंबईच्या कौटुंबिक न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने ताबा वडिलांना दिला. ४ नोव्हेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. मुलगा बारा वर्षांहून अधिक काळ आईजवळ वाढला होता. परदेशी न्यायालयाचा हुकूम ही विचारात घ्यायची एक बाब आहे आणि केवळ जास्त पैसा किंवा माया यावर ताबा ठरत नाही, असे न्यायालयाने सांगितले.

पहिला मुलगा दहा महिन्यांत परत गेला, दुसरा येथेच राहिला. दोन्ही वेळा मूल कोठे रुळले आहे, हे पाहिले गेले. दुसऱ्या खटल्यात मात्र त्या मुलाचे सारे बालपण कोर्टाच्या तारखांत गेले. हे नुकसान कोणताही निकाल भरून देत नाही.

२०२० साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. आई आणि वडील दोघांचेही प्रेम मिळणे हा मुलाचा हक्क आहे. ताबा एकाकडे असला तरी दुसऱ्याला भेटण्याची, दूर असेल तर व्हिडिओ कॉलवर बोलण्याची सोय हवी.

आपल्या पालकांसाठी काही सूचना:

मुलाला सुटीसाठी परदेशातून आणताना किंवा नेताना दोघांची लेखी संमती व परतीची तारीख ठरवून ठेवावी. जन्माचा दाखला, शाळेचे दाखले आणि लसीकरणाची नोंद जपून ठेवावी. मूल कोठे राहत होते याचा तो पुरावा असतो. छळामुळे यावे लागले असेल, तर पोलीस व दवाखान्याची कागदपत्रेही ठेवावीत. वाद उद्भवल्यास लगेच वकिलाला भेटावे. आपले जिल्हा न्यायालय कारवारला आहे आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ धारवाडला. स्त्रिया व मुलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

शाळेने कोणाची बाजू घेऊ नये, पण न्यायालयाचा हुकूम असल्यास तो शाळेला माहीत असलाच पाहिजे. मूल न्यायला कोण येणार, हे त्यावर अवलंबून असते. म्हणून नाव घालतानाच मुख्याध्यापकांना खरी परिस्थिती सांगावी. आणि वर्गात त्या मुलाला ‘तुझे बाबा कोठे?’, ‘आई का नाही आली?’ असे कोणी विचारू नये, हे आपण घरी आपल्या मुलांनाही समजावून सांगू या.