मालाड: एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी

मालाड बघायला म्हणून कुणी येत नाही. लोक निघतात मार्वे-अक्साच्या किनाऱ्याला आणि स्टेशनाबाहेरच्या कोंडीत अडकून मालाडला नावं ठेवतात. पण कामधंद्याचं गाव म्हणून पाहिलं तर अर्धा दिवस सहज सत्कारणी लागतो.

पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पश्चिमेला खाडी, मधे सगळी दाटी. इथला पहिला नावाजलेला माल म्हणजे दगड. पिवळसर ‘मालाड स्टोन’ काळा घोड्याच्या डेव्हिड ससून ग्रंथालयाला लागला आणि वास्तुविशारद विटेटनं आखलेल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयालाही, कुर्ल्याच्या करड्या बेसॉल्टच्या जोडीनं. दक्षिण मुंबईच्या ऐटीत उपनगराचा वाटा आहे तो असा. पर्यटक विटेटचं नाव लक्षात ठेवतात, मालाडचं नाही.

मग आला सिनेमा. १९३४ मध्ये हिमांशु राय आणि देविका राणी यांनी इथे ‘बॉम्बे टॉकीज’ उभी केली. तिला कारखानाच म्हणायला हवं: शेअर विकून जमवलेलं भांडवल, स्वतःची लॅबोरेटरी, पगारी नटनट्या, जर्मनीहून आणलेले तंत्रज्ञ. लॅबमध्ये काम करणारे अशोक कुमार इथेच नायक झाले. लीला चिटणीस ‘कंगन’मधून (१९३९) याच कंपनीच्या पडद्यावर झळकल्या. ‘किस्मत’ (१९४३) तर कलकत्त्याच्या एकाच थिएटरात तीन वर्षांहून जास्त चालला. तरीही १९५४ पर्यंत सारा कारभार आटोपला.

आज बॉम्बे टॉकीज कंपाउंडमध्ये शिरलं की पडक्या भिंतींना खेटून छोट्या कारखान्यांचे गाळे लागतात. हळहळणारे पुष्कळ भेटतील. मला मात्र वाटतं, स्मारक होऊन कुलपात पडण्यापेक्षा जागा राबती राहिली हे बरंच झालं. लिंक रोडकडचं माइंडस्पेस हे ऑफिसांचं संकुल तरी वेगळं काय? काचेच्या त्या इमारती जुन्या डम्पिंग ग्राउंडवर उभ्या आहेत.

या सगळ्यांत राबणारी बरीच माणसं पूर्वेला कुरार, आप्पापाड्याच्या चढावर राहतात. वर जावं तशा गल्ल्या अरुंद होत जातात आणि शेवटी उद्यानाची हद्द येते. २ जुलै २०१९ च्या पहाटे मुसळधार पावसात मालाड टेकडीवरच्या जलाशयाची संरक्षक भिंत इथल्याच झोपड्यांवर कोसळली, तीसेक माणसं गेली. शहराच्या पाण्याची टाकी वर आणि वस्ती तिच्या खाली, हा इथला नकाशा.

यायचं तर कामाच्या दिवशी या, गाळे चालू असताना. कुरारचा चढ मात्र पावसाळा सोडून चढा.