कुकी म्हणजे चप्पल स्टँडचा बिल्ला

ज्यांच्याकडे ऑडिओ अडकत अडकत येतो, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा मजकूर.

मध्यंतरी तळेघरहून चुलत बहिणीचा फोन आला. ती एक ऑनलाइन कोर्स करतेय. म्हणाली, "दादा, तीन धडे पूर्ण केले, चाचणी पण दिली. पण माझ्या नावावर काहीच दिसंना!"

मला आधी रेंजचा संशय आला. आमच्याकडे रेंज कधी घरात असते, कधी फक्त ओट्यावर. पण भानगड वेगळीच निघाली. घरात स्मार्टफोन एक आणि शिकणारे दोघं. धाकट्या भावाने आदल्या दिवशी त्याच वेबसाइटवर लॉगिन केलं होतं आणि लॉगआउट न करताच टॅब बंद केला होता. हिने साइट उघडली, थेट धडे दिसले, हिला वाटलं आपलंच खातं. मेहनत हिची, हजेरी भावाची! वर चाचणी एकदाच देता येत होती, म्हणजे त्याची संधीही हिनेच वापरून टाकली.

हे झालं कुकीमुळे. आता कुकी म्हणजे काय, ते बघू.

वेबसाइट ज्या सर्व्हरवर चालते, तो मुळात विसराळू असतो. तुम्ही एक पान मागितलं, त्याने दिलं, विषय संपला. दुसरं पान मागायला गेलात की तुम्ही त्याला अनोळखी. यावर १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या इंजिनिअरने तोडगा काढला: सर्व्हरने ब्राउझरला एक छोटी चिठ्ठी द्यायची आणि ब्राउझरने पुढच्या प्रत्येक वेळी ती दाखवायची. तीच कुकी.

देवळाबाहेरचा चप्पल स्टँड आठवा. चपला दिल्या की नंबरचा बिल्ला मिळतो. परत येताना स्टँडवाला तुमचं नाव विचारत नाही, फक्त बिल्ला बघतो. कॉलेजं ऑनलाइन कोर्ससाठी बऱ्याचदा मूडल हे मोफत सॉफ्टवेअर वापरतात. तुम्ही लॉगिन केलं की तेही असाच एक बिल्ला देतं. त्या कुकीचं नावच 'मूडलसेशन'. आत ना तुमचा पासवर्ड, ना तुमचे गुण. असतो फक्त अक्षरं-आकड्यांचा एक लांबलचक नंबर.

यातून तीन गोष्टी कळतात.

एक, बिल्ला हरवला म्हणून चपला हरवत नाहीत. फोन भरला म्हणून तुम्ही ब्राउझरचा डेटा साफ केला, तर साइट पुन्हा लॉगिन मागेल, एवढंच. पूर्ण केलेले धडे, जमा केलेली चाचणी सर्व्हरवर शाबूत असते. एका कुकीत साधारण ४ किलोबाइटच मावतात, तिथे तुमचा कोर्स कुठून बसणार! हां, जे अजून सर्व्हरपर्यंत पोचलंच नाही, ते मात्र जाऊ शकतं. म्हणून चाचणी अर्धवट असताना साफसफाई नको.

दोन, रेंज गेली तरी बिल्ला फोनमध्येच राहतो. रेंज आली की बहुतेक वेळा तुम्ही होता तिथूनच पुढे जाता.

तीन, आणि सगळ्यात महत्त्वाचं: ज्याच्या हातात बिल्ला, त्याच्या चपला. फोन कोण धरून बसलंय हे सर्व्हरला दिसत नाही. बहिणीने नकळत भावाचा बिल्ला दाखवला आणि सर्व्हरने तिला भाऊ समजलं.

आता 'कुकीज स्वीकारा' असं विचारणाऱ्या पट्टीबद्दल. लॉगिनची कुकी गरजेची, ती नाकारली तर अभ्यासच होणार नाही. दुसरी तुमची भाषा वगैरे लक्षात ठेवते. तिसऱ्या प्रकारच्या मात्र अनेकदा बाहेरच्या कंपन्यांच्या असतात. तुम्ही इथून कुठे गेलात, काय बघितलं, याचा माग काढून जाहिराती दाखवायला. सफारीने २०२० पासून अशा बाहेरच्या कुकीज आपणहून अडवल्या. क्रोमनेही त्या बंद करायचं जाहीर केलं होतं, पण पुढे तो बेत सोडला. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, काही अपवाद सोडले तर, १८ वर्षांखालच्या मुलांचा असा माग काढायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. तरी पट्टीवर 'फक्त आवश्यक' असा पर्याय दिसला, तर तोच दाबा. कोर्स तेवढ्यावर व्यवस्थित चालतो.

मग एका फोनवर दोघांनी शिकायचं कसं? अभ्यास संपला की लॉगआउट करा. नुसता टॅब बंद करून चालत नाही. लॉगआउट म्हणजे बिल्ला परत करणं. सायबर कॅफेत किंवा दुसऱ्याच्या फोनवर इनकॉग्निटो विंडो वापरा. ती बंद केली की तिच्यातल्या कुकीज पुसल्या जातात. आणि पहिला धडा उघडण्याआधी वरच्या कोपऱ्यात नाव कुणाचं आहे, ते बघा.

बहिणीने तिन्ही धडे आपल्या खात्यातून पुन्हा केले. भावाने त्याच्या शिक्षकांना सांगून चाचणीची दुसरी संधी मागितलीय. आता त्या घरात फोन हातात घेतला की पहिला प्रश्न असतो, "बिल्ला कुणाचा?"

तुमच्या घरीही एकच फोन असेल, तर हा भाग त्यावर सगळ्यांना ऐकवा. भेटू पुढच्या भागात!