ज्योतीवरची निळी टोपी

चंद्रपूर जिल्ह्यातलं घुग्घुस हे कोळशाचं गाव, वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) खाणींचं. कोळसाखाणीत माइनिंग सरदार व्हायचं तर गॅस टेस्टिंगचं सर्टिफिकेट लागतं आणि त्याची पारंपरिक परीक्षा विलक्षण आहे. उमेदवाराच्या हातात सुरक्षा दिवा असतो. वात बारीक करायची आणि ज्योतीकडे टक लावून बघायचं. हवेत मिथेन असेल तर ज्योतीवर फिकट निळी टोपी चढते. वायू जास्त, तशी टोपी उंच. तिच्या उंचीवरून हवेत मिथेन किती टक्के, ते सांगायचं. इथं घोकंपट्टी काय कामाची? नजरच तयार हवी.

एखाद्याला एखादी गोष्ट येते की नाही, हे ओळखायच्या रीती तरी किती! आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत ते कानानं ओळखत. संध्याकाळी परवचा व्हायचा: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. सतरा दीडे साडेपंचवीस! म्हणता म्हणता कुणी अडखळलं की ते तिथल्या तिथे ऐकू येई. कागद लागतच नसे.

लेखी परीक्षेची सवय आपल्याला इतकी जडली आहे की ती अनादि वाटते. पण अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातल्या शाळांत तोंडी परीक्षेच्या जागी छापील प्रश्न आले ते १८४५ मध्ये. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक झाली १८५९ मध्ये.

आणि रीत बदलली की काय होतं, ते आपण दहावीला पाहिलं आहे. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण काढून टाकले. राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. चंद्रपूर-गडचिरोली ज्यात येतात त्या नागपूर विभागाचा तर ६७.२७, राज्यात सगळ्यांत कमी. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि विभागाचा निकाल ९३.८४ झाला. सगळं श्रेय त्या २० गुणांना देता येणार नाही. २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता, २०२० ला करोनामुळे भूगोलाचा पेपरच रद्द झाला. तरीही एका वर्षात आपल्या भागातल्या मुलांची समज एवढी वाढली, असं मला मुळीच वाटत नाही. मोजायचं माप बदललं होतं. घरी तेलुगू किंवा हिंदी बोलून शाळेत मराठी लिहिणारं घुग्घुसचं मूल डोळ्यांपुढे आणलं, की ते आकडे मला जास्तच बोचतात.

मोजायची आणखी एक रीत डेन्मार्कमध्ये दिसते. तिथं नववीच्या शेवटी लेखी परीक्षेबरोबर तोंडीही असते. मूल प्रश्नाची चिठ्ठी उचलतं. समोर त्याचे स्वतःचे शिक्षक आणि शेजारी बाहेरून आलेले परीक्षक. मूल अडलं तर शिक्षक तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात. मग ते बाहेर जाऊन दाराशी थांबतं. आत दोघं मिळून गुण ठरवतात आणि थोड्याच वेळात त्याला बोलावून समोरासमोर सांगतात.