एलिमेंटरी-इंटरमिजिएटमध्ये मूल काय शिकते?

महाराष्ट्राच्या कला संचालनालयातर्फे शाळकरी मुलांसाठी शासकीय रेखाकला परीक्षा घेतल्या जातात: एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून अनेक पालकांचे लक्ष तेवढ्याकडेच असते. खरी कमाई मात्र गुणांपलीकडची आहे.

स्थिरचित्रच घ्या. समोर तांब्या मांडलेला असतो. त्याचे तोंड गोल असते हे मुलाला ठाऊक असते, म्हणून ते सरळ गोल काढून मोकळे होते. शिक्षक त्याला पुन्हा पाहायला लावतात. बसल्या जागेवरून ते तोंड लंबवर्तुळाकार दिसते आणि डोळ्यांच्या पातळीजवळ येईल तसे चपटे होत जाते. ठाऊक असलेले बाजूला ठेवून दिसते ते काढायचे, ही सवय अंगी बाणायला महिने लागतात. विज्ञानाच्या प्रयोगात निरीक्षण लिहितानाही तीच कामी येते.

स्मरणचित्रात आठवडी बाजारासारखा प्रसंग आठवणीतून उभा करायचा असतो. वाकलेल्या भाजीवालीचा हात नेमका कुठे टेकतो, हे तेव्हा आठवावे लागते. संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन मोजमापाची शिस्त लावतात.

दहावी जवळ आली म्हणून चित्रकलेचा तास गणिताला देऊ नका, एवढी शाळांना आणि पालकांना विनंती.