आमिषाचं माप सरोवर ठरवतं

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर पसरलेल्या ईरी सरोवरात जुलै महिन्यात वॉलआय मासा पकडायला निघालेल्या बोटींवर पाच-सहा सेंटिमीटरची चिमुकली आमिषं दिसतात. नोव्हेंबरात त्याच बोटींवर बारा-चौदा सेंटिमीटरची आमिषं येतात. मासा तोच, त्याचं तोंड तेवढंच. मग चार महिन्यांत आमिष दुपटीहून मोठं का होतं? या साध्या प्रश्नाचं उत्तर शोधताना सरोवरातल्या अन्नसाखळीचं अख्खं गणित उलगडत जातं.

आधी या मासेमारीविषयी थोडं. बोट अगदी संथ चालवत ठेवायची, मागे तंगूस लांबवर सोडायचा आणि त्याच्या टोकाला माशाच्या आकाराचं लाकडी किंवा प्लास्टिकचं आमिष ओढत न्यायचं, याला ट्रोलिंग म्हणतात. आमिषाच्या तोंडाशी एक छोटी पट्टी असते. पाणी तिच्यावर आदळलं की आमिष खाली बुडी मारतं आणि डावी-उजवीकडे डुलत पुढे सरकतं. फिनलंडचे मच्छीमार लाउरी रापाला यांनी 1936 साली बुचातून असं एक आमिष कोरलं. लहान माशांच्या थव्यातला जो मासा जखमी आहे, वेडावाकडा पोहतो आहे, त्यालाच शिकारी मासा हेरतो, हे त्यांनी पायेन्ने सरोवरात होडी वल्हवताना टिपलं होतं. त्यांच्या नावाच्या मूळ तरंगत्या आमिषाचा क्रमांक म्हणजे त्याची सेंटिमीटरमधली लांबी. अकरा नंबरचं आमिष अकरा सेंटिमीटरचं.

जबड्याचं गणित

वॉलआय किंवा बास यांसारखे शिकारी मासे आपलं भक्ष्य चावून तुकडे करून खात नाहीत, अख्खं गिळतात. त्यामुळे पहिली मर्यादा जबड्याची. इथे भक्ष्याच्या लांबीपेक्षा त्याच्या अंगाची उंची, म्हणजे पाठीपासून पोटापर्यंतचं अंतर, जास्त महत्त्वाची ठरते. स्मेल्ट हा सडपातळ मासा लांब असला तरी सहज आत जातो. गिझार्ड शॅड तेवढ्याच लांबीचा असला तरी अंगानं उंच, म्हणून तो लवकर ‘मोठा’ होतो. आमिष निवडताना नुसती लांबी पाहणाऱ्याची इथेच फसगत होते. बारा सेंटिमीटरचं सडपातळ आमिष आणि बारा सेंटिमीटरचं पोटाळ आमिष ही माशाच्या दृष्टीनं दोन वेगळी मापं आहेत.

पण गिळता येईल तेवढं मोठं भक्ष्य मासा निवडतो, असंही नाही. मोठं सावज जोरात पळतं, निसटतं, आणि हाती लागलं तरी फिरवून गिळायला वेळ खातं. खर्च झालेली ताकद आणि मिळालेलं अन्न यांचा ताळा मासा उत्क्रांतीनं शिकलेला असतो. 1974 साली अर्ल वर्नर आणि डोनाल्ड हॉल यांनी ब्लूगिल या बासच्याच कुळातल्या माशावर केलेला प्रयोग या विषयात पायाभूत मानला जातो. पाण्यात डॅफ्निया हे सूक्ष्म जीव विरळ असताना ब्लूगिल समोर येईल ते खात होते, लहान-मोठं पाहत नव्हते. तेच जीव मुबलक झाल्यावर मात्र ते मोठे वेचू लागले. म्हणजे चोखंदळपणा माशाच्या स्वभावात कायमचा कोरलेला नसतो. अन्नाच्या मुबलकतेप्रमाणे तो बदलतो.

सरोवराचं पंचांग

ईरी हे पंचमहासरोवरांतलं सर्वांत उथळ सरोवर. त्याच्या पश्चिम भागाची सरासरी खोली जेमतेम साडेसात मीटर. उथळ पाणी लवकर तापतं, अन्न भरपूर तयार होतं, म्हणून वॉलआयचं हे मोठं माहेरघर. या पश्चिम भागातले वॉलआय काय खातात, याचा एक अभ्यास 1984 साली प्रसिद्ध झाला. वसंतात त्यांच्या पोटात जवळजवळ फक्त शायनर मासे होते, तेही आदल्या वर्षी जन्मून हिवाळा काढलेले. जुलैच्या अखेरीस चित्र पालटलं. त्याच वर्षी जन्मलेल्या शॅड आणि त्याच्या भाऊबंदांनी पोटं भरू लागली.

आमिषाचं पंचांग इथूनच तयार होतं. एप्रिल-मे महिन्यांत नवी पिल्लं अजून जन्मायचीच असतात, म्हणून पाण्यात असतात ते बोटभर लांबीचे, सडपातळ, जुने शायनर. आमिषही तसंच मध्यम आणि सडपातळ. उन्हाळ्यात पाणी इवल्या पिल्लांनी भरून जातं. तेव्हा पातळ पत्र्याची छोटी चमच्यासारखी आणि इतर बारकी आमिषं चालतात. मग शॅडची पिल्लं झपाट्यानं वाढतात आणि शरदात दहा सेंटिमीटरच्या पुढे जातात. पाणी गार होऊ लागतं. वॉलआयच्या माद्यांच्या पोटात पुढच्या वसंताची अंडी वाढत असतात आणि त्यांना भरपूर चरबी हवी असते. दुसरीकडे शॅडला थंडी सोसत नाही, ते बधिरल्यासारखे पोहतात. मोठं, भरल्या अंगाचं आणि सुस्त सावज एकाच वेळी मिळतं. नोव्हेंबरच्या मोठ्या आमिषामागे हे सगळं उभं असतं.

बासचं वेगळं ताट

त्याच सरोवरातल्या स्मॉलमाउथ बासचा हिशेब निराळा. काळ्या समुद्राच्या परिसरातला राउंड गोबी हा मासा जहाजांच्या तोलासाठी भरलेल्या पाण्यातून इथे पोचला. 1990 साली तो सेंट क्लेअर नदीत सापडला आणि पुढे ईरीत पसरला. गोबीला वाताशय नसतो, त्यामुळे तो तळाशीच सरपटत राहतो. अल्पावधीत तो बासच्या आहारातला मुख्य पदार्थ झाला. म्हणून बाससाठी आखूड, जाडसर, मातकट रंगाचं, खोल बुडून तळाच्या खडकांना चाटत जाणारं आमिष लागतं. वरच्या पाण्यातल्या शॅडच्या मागे फिरणाऱ्या वॉलआयसाठी बांधलेलं लांब आमिष इथे बहुधा वाया जातं.

वेग आणि गढूळपणा

माप बदललं की वेगाचा अर्थही बदलतो. ताशी तीन किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 83 सेंटिमीटर. या वेगानं पाच सेंटिमीटरचं आमिष सेकंदाला आपल्या लांबीच्या सोळापटीहून जास्त अंतर कापतं, बारा सेंटिमीटरचं सुमारे सातपट. जीव घेऊन पळणारा मासा ढोबळमानानं सेकंदाला आपल्या लांबीच्या दहापट अंतर तोडतो. म्हणजे त्याच बोटीमागचं छोटं आमिष जिवाच्या आकांतानं पळणाऱ्या माशासारखं दिसतं आणि मोठं त्याहून सावकाश चाललेल्या माशासारखं. थंड पाण्यात शिकारी मासाही मंदावलेला असतो. तो लांब पाठलाग करत नाही, म्हणून तेव्हा मोठं आमिष आणि संथ चाल यांची जोडी जमते.

उजेडाचंही असंच. वॉलआयच्या डोळ्यांत मांजराच्या डोळ्यांप्रमाणे प्रकाश परतवणारा थर असतो. सांजवेळी आणि वादळानंतरच्या गढूळ पाण्यात त्याला आपल्या सावजापेक्षा जास्त दिसतं. तरीही गढुळात दृष्टीचा पल्ला घटतोच. तिथे मोठं आमिष जरा लांबून नजरेत येतं आणि जास्त पाणी ढकलतं. ती हालचाल माशाच्या अंगावरच्या पार्श्वरेषेला जवळून जाणवते. नितळ पाण्यात हाच मोठेपणा संशयाला जागा देतो. शिवाय हजारो सारख्या पिल्लांच्या थव्यात एकाच सावजावर नजर ठरवणं शिकाऱ्याला कठीण जातं. थोडा वेगळा दिसणारा मासा मात्र पटकन टिपला जातो. म्हणून अनुभवी मच्छीमार थव्याच्या मापाहून किंचित मोठं आमिष लावतात.

हे सगळं ताडून पाहायची रीत शास्त्रज्ञाचीच आहे. दोन गळ, एकच रंग, एकच खोली, एकच वेग आणि फरक फक्त मापाचा. खाण्यासाठी ठेवलेल्या पहिल्या माशाचं पोट उघडून आत काय आणि केवढं आहे, ते मोजायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच पाणी खरं उत्तर देतं.

जबड्याचा हा नियम आपल्या ओळखीच्या जिताड्यालाही लागू आहे. रायगडच्या खारेपाटात तळ्यात जिताडा वाढवण्याची परंपरा जुनी आहे. बोटुकली वाढवणाऱ्यांना ठाऊक असतं की एकत्र ठेवलेल्या पिल्लांत मोठी पिल्लं लहानांना गिळतात. त्यामुळे मापानुसार त्यांची पुन्हा पुन्हा वर्गवारी करावी लागते. पिल्लं वेगळी काढणारा हात आणि आमिष निवडणारा हात एकच प्रश्न सोडवत असतात: कोणाच्या तोंडात काय मावतं?

या प्रश्नाला जबाबदारीची बाजूही आहे. 1970 साली पाऱ्याच्या प्रदूषणामुळे ईरीतली वॉलआयची व्यापारी मासेमारी बंद करावी लागली होती. आज पकडीची कमाल मर्यादा दरवर्षी ठरवली जाते आणि ती मिशिगन, ओहायो आणि ऑन्टारियो यांच्यात वाटली जाते. ईरीच्या ओहायो हद्दीत 15 इंचांपेक्षा लहान वॉलआय ठेवता येत नाही. बारक्या आमिषाला कोवळे मासे जास्त लागतात, ते सोडावे लागतात, आणि उन्हाळ्यात खोल पाण्यातून वर ओढलेला मासा सोडला तरी जगेलच असं नसतं. पाण्यात लहान वॉलआय भरपूर आहेत असं दिसलं की आमिषाचं माप वाढवणं हा त्यांना वाचवायचा सोपा उपाय आहे. त्यानं प्रत्येक पिल्लू वाचत नाही, पण गळाला लागणाऱ्यांची संख्या घटते.

दर ऑगस्टमध्ये मत्स्यशास्त्रज्ञ ईरीच्या तळावरून जाळं ओढून त्या वर्षी जन्मलेली पिल्लं मोजतात. शॅड किती, शायनर किती, वॉलआय किती, यावरून पुढच्या वर्षांचे अंदाज बांधले जातात. पाण्यात या आठवड्यात कोणती पिल्लं आहेत आणि ती केवढी झाली आहेत, हे पाहून डबीतलं आमिष निवडणारा मच्छीमार तेच वाचन आपल्या परीनं करत असतो. ज्याला हे वाचता येतं, त्याला सरोवर बिघडायला लागल्याचंही इतरांच्या आधी कळतं, आणि त्याच्या रक्षणासाठी आवाज उठवणाऱ्यांत तो पुढे असायला हवा.